पोलिओ गेला, मग डोस कशाला?

नव्वदीच्या शेवटी जन्मलेल्या आपल्या सगळ्यांची एक कॉमन आठवण आहे. रविवारची सकाळ, अंगणवाडीतला नाहीतर एसटी स्टँडवरचा पोलिओ बूथ, तोंडात दोन थेंब, डाव्या करंगळीला शाई. आणि टीव्हीवर अमिताभ बच्चन.

आता आपलेच मित्र आईबाबा व्हायला लागलेत. माझ्या टीममधला एक जण परवा म्हणाला, "अरे, भारतातली शेवटची केस २०११ची. २०१४ला सर्टिफिकेट पण मिळालं. मग माझ्या पोरीला अजून डोस कशाला?"

माहिती अगदी बरोबर आहे त्याची. जानेवारी २०११, पश्चिम बंगालमधला हावडा जिल्हा. त्यानंतर आपल्याकडे वाइल्ड पोलिओची एकही केस नाही. निष्कर्ष मात्र चुकलाय.

पोलिओचा विषाणू तोंडावाटे पोटात जातो, आतड्यात वाढतो आणि शौचावाटे बाहेर पडतो. बहुतेक मुलांना काही होतच नाही, फार तर थोडा ताप. साधारण २०० जणांना लागण झाली, तर त्यातल्या एकाला कायमचा लुळेपणा येतो, बहुतेक वेळा पायांना. म्हणजे एक केस दिसते तेव्हा आजूबाजूची शेकडो ठणठणीत मुलं विषाणू पसरवून मोकळी झालेली असतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो ना, एरर दिसली नाही म्हणजे बग नाही असं नसतं. इथे फरक एवढाच, की पाय गेला की तो परत आणणारं औषध नाही.

म्हणून नुसत्या केसेस मोजून भागत नाही, गटाराचं पाणी तपासावं लागतं. हो, गटाराचं! मुंबईत हे काम २००१पासून चालू आहे. शहराचे लॉग वाचण्यासारखंच की हे. मला तर जाम भारी वाटलं.

२०२२ मध्ये लंडन आणि न्यूयॉर्कच्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला. न्यूयॉर्कजवळ रॉकलंड काउंटीत लस न घेतलेल्या एका तरुणाला लकवा झाला. तो विषाणू आला होता तोंडी लसीतल्या कमजोर विषाणूपासून. हे लपवण्यात अर्थ नाही, कारण व्हॉट्सॲपवर एवढंच अर्धवट फिरतं. पुढचा भाग असा: लस न घेतलेली माणसं जास्त असतील तिथेच तो महिनोन्‌महिने फिरतो आणि बदलत बदलत पुन्हा जोर धरतो. बहुतेकांनी लस घेतलेली असली की त्याला फिरायला जागाच उरत नाही. याच कारणाने २०१६ मध्ये थेंबांमधून टाइप २ काढला गेला. आणि इंजेक्शनच्या लशीत विषाणू मेलेलाच असतो. वाइल्ड पोलिओ तर अजून पाकिस्तान-अफगाणिस्तानात आहेच. विमानाने किती तास लागतात, बघा.

आता कामाचं. थेंब जन्मल्यावर, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना, बूस्टर १६ ते २४ महिन्यांत. इंजेक्शन ६ आणि १४ आठवड्यांना, आणि तिसरं ९व्या महिन्यात. हे तिसरं २०२३ मध्ये आलं, त्यामुळे जुन्या कार्डावर त्याचा रकाना नसेल. पल्स पोलिओचे थेंब या सगळ्याच्या वरचे. ते घेतले म्हणून हे सुटत नाहीत. मधला एखादा डोस राहिला असेल तर पहिल्यापासून सुरुवात नाही करायची, तिथून पुढे चालू ठेवायचं. सरकारी केंद्रात सगळं फुकट आहे. कार्ड सापडत नसेल तर आशाताईंना किंवा नर्सबाईंना विचारा, त्यांच्या रजिस्टरमध्ये नोंद असते.