बंदुकीचा गुन्हा रद्द, बंदूक मात्र हिशेबात



अमेरिकेतल्या ड्रग्जच्या खटल्यांशी आपला काय संबंध, असं काहींना वाटत असेल. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉय यांना पत्र लिहिलं. त्यांना हा प्रश्न पडला नव्हता, एवढंच सांगते आणि विषयाला येते.

तिथल्या केंद्रीय कायद्यात कलम ९२४(सी) आहे. ड्रग्जचा गुन्हा करताना बंदूक ‘वापरली’ किंवा सोबत नेली, तर किमान ५ वर्षं. तीही ड्रग्जच्या शिक्षेत मिसळून नाही, त्या शिक्षेला जोडून वेगळी भोगायची. जजला यात सूट देता येत नाही.

आता ‘वापरली’ म्हणजे काय? १९८८ मध्ये वॉशिंग्टनमध्ये पोलिसांनी एक गाडी अडवली, पुढची नंबर प्लेट नव्हती म्हणून. आत कोकेनच्या पुड्या सापडल्या, सगळ्या मिळून ३० ग्रॅम. मागच्या डिकीत एका बॅगेत पिस्तूल. दुसऱ्या खटल्यात एका बाईच्या बेडरूममधल्या कपाटात कुलूपबंद ट्रंक होती आणि त्यात गोळ्या न भरलेलं छोटं पिस्तूल. दोघांनाही बंदूक ‘वापरल्या’बद्दल दोषी धरलं. हे खटले एकत्र सुप्रीम कोर्टात गेले. ६ डिसेंबर १९९५ ला, बेली खटल्यात, नऊही न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की बंदूक नुसती जवळ असणं म्हणजे वापर नव्हे. दाखवली, रोखली, झाडली, असं काहीतरी घडलं पाहिजे. (१९९८ मध्ये संसदेनं कायदा बदलून गुन्हा पुढे नेण्यासाठी बंदूक बाळगणंही त्यात घातलं. तो वेगळा विषय.)

निकालानंतर देशभरातून कैद्यांचे अर्ज सुरू झाले. ज्यांचा अर्ज मंजूर झाला त्यांचा बंदुकीचा गुन्हा रद्द झाला, ५ वर्षं गेली. बातमी इथे संपते. मला बोलायचंय ते त्याच्या पुढच्या तारखेबद्दल.

त्या तारखेला सरकारी वकील उभे राहिले आणि म्हणाले, ड्रग्जची शिक्षा आता नव्यानं ठरवा. कारण शिक्षेच्या कोष्टकात एक नियम आहे: ड्रग्जच्या गुन्ह्यात हत्यार जवळ असेल तर दोन पायऱ्या वाढवायच्या. ९२४(सी) खाली शिक्षा झाली असेल तर मात्र त्या वाढवायच्या नाहीत, एकाच बंदुकीची दोनदा शिक्षा नको म्हणून. आता ९२४(सी) गेलं, म्हणजे दोन पायऱ्यांचा रस्ता मोकळा झाला.

पूर्वी गुन्हा नसलेला माणूस घ्या. कोष्टकात २६व्या पायरीवर किमान ६३ महिने, अधिक बंदुकीचे ६०, एकूण १२३. नव्या हिशेबात २८वी पायरी, किमान ७८. पावणेचार वर्षं वाचली, मान्य. पण ड्रग्जचं वजन जास्त असेल आणि माणूस ३८व्या पायरीवर असेल, तर आधी २३५ अधिक ६०, म्हणजे २९५ महिने. आता ४०वी पायरी, किमान २९२. सुप्रीम कोर्टाच्या एकमतानं दिलेल्या निकालाची किंमत तीन महिने.

आणि पुरावा? गुन्हा सिद्ध करायला संशयाला जागा उरता कामा नये. दोन पायऱ्या वाढवायला मात्र बंदूक जवळ होती हे ‘असण्याची शक्यता जास्त’ एवढ्यावर भागतं. तिचा ड्रग्जशी संबंध असणं अगदीच अशक्य वाटत असेल तरच सूट. म्हणजे संबंध नव्हता हे दाखवायची जबाबदारी व्यवहारात आरोपीवर येते.

कैद्यांनी विचारलं, ड्रग्जच्या शिक्षेला तर मी आव्हान दिलंच नव्हतं, ती कशी वाढवता? एकाच गुन्ह्याची दोनदा शिक्षा होतेय. कोर्टांनी उत्तर दिलं: सगळ्या गुन्ह्यांची शिक्षा हे एकच गाठोडं असतं. गाठ तुम्हीच सोडवलीत, आता आम्ही ते पुन्हा बांधणार. एकूण शिक्षा आधीपेक्षा वाढत नाही ना, मग तक्रार कसली? आपल्याकडे दोषी ठरलेल्यानं स्वतः अपील केलं, तर त्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. वाढवायची तर वेगळी प्रक्रिया लागते, नोटीस द्यावी लागते.

गाठोड्याचा तर्क मला पूर्ण चुकीचा वाटत नाही. जज एकूण आकडा मनात धरूनच शिक्षा देतो, हे खरंय. पण मग तोच तर्क उलट बाजूनंही चालायला हवा होता. बंदुकीची सक्तीची ५ वर्षं मिळणारच आहेत, तर ड्रग्जची शिक्षा थोडी कमी करा, असं आरोपी म्हणायचा तेव्हा अनेक अपील कोर्टं सांगायची की नाही, दोन्ही शिक्षा स्वतंत्र आहेत, एकीकडे बघून दुसरी ठरवता येणार नाही. बंदूक जोडताना दोन हिशेब, वजा करताना एकच गाठोडं! डीन खटल्यात सुप्रीम कोर्टानं, पुन्हा एकमतानं, जजला दोन्ही शिक्षा एकत्र बघता येतात असं सांगितलं ते २०१७ मध्ये. बेलीनंतर २१ वर्षांनी.

हे कुणाच्या वाट्याला आलं, ते ओळखणं अवघड नाही. १९८६ च्या कायद्यानुसार ५ ग्रॅम क्रॅकला जी किमान ५ वर्षं, तीच ५०० ग्रॅम कोकेन पावडरीला. १९९० च्या दशकात क्रॅकच्या केंद्रीय खटल्यांतले ८० टक्क्यांहून अधिक आरोपी काळे होते. पायरी वजनावर ठरते, म्हणून वरच्या पायऱ्यांवर, जिथे विजय तीन महिन्यांवर येतो, तिथे क्रॅकवाला फार लवकर पोचायचा. कायद्यात वंशाचा शब्दसुद्धा नाही. समाजशास्त्रात आपण जे शिकतो ते इथे असं ग्रॅममध्ये मोजता येतं.

तेव्हा हे कोष्टक जजवर बंधनकारक होतं. २००५ पासून ते केवळ सल्ला म्हणून उरलं. २०११ च्या पेपर खटल्यात सुप्रीम कोर्टानं आणखी एक दार उघडलं: नव्यानं शिक्षा ठरवताना, मधल्या काळात माणूस किती बदलला हेही जज बघू शकतो. त्या खटल्यातला तरुण ड्रग्जमध्ये सापडलेला होता, बंदुकीचा प्रश्न नव्हता. नव्या सुनावणीपर्यंत तो पाच वर्षांच्या आसपास नशेपासून लांब होता, नोकरीत चांगलं काम करत होता, आणि कॉलेजात शिकत होता. त्याचे कॉलेजातले चांगले मार्क कोर्टाच्या रेकॉर्डवर आहेत.