जबर, जेर, पेश आणि एक शक्कल

अध्यक्ष महाराज, आणि एवढ्या उकाड्यात पंख्याखालच्या जागा धरून बसलेल्या मंडळींनो,

पत्रिकेत विषय छापलाय 'अरबी स्वरचिन्हे व उच्चार : नवशिक्यांसाठी'. मी कळवला होता 'मराठी जिभेची तशदीद'. संयोजक म्हणाले, असं छापलं तर खुर्च्यासुद्धा येणार नाहीत. (हशा) तेव्हा छापलंय त्यावर बोलतो आणि वाट मिळाली की माझ्या विषयावर येतो.

अरबीत अक्षरं 28, उजवीकडून डावीकडे, जोडून लिहितात. हे आपल्याला माहीतच आहे. खरी गंमत अशी, की दीर्घ आ, ई, ऊ अक्षरांनी दाखवतात, पण ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत. काफ, ते, बे एवढंच कागदावर असतं. 'त्यानं लिहिलं', 'लिहिलं गेलं' की 'पुस्तकं', हे वाचणाऱ्यानं संदर्भावरून ओळखायचं. वर्तमानपत्रं अशीच छापतात. कुरआनात आणि मुलांच्या पुस्तकांत मात्र प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर नाहीतर पायाशी खुणा असतात. नवशिक्यानं तिथूनच सुरुवात करायची. आपल्याकडच्या मक्तबात त्या पहिल्या पुस्तकाला 'कायदा' म्हणतात. तिथली पोरं पाचव्या वर्षी कायदा शिकतात, आपण पन्नाशीतही सिग्नल मोडतो. (हशा) 'क ला काना का' म्हणत आपण घोकलं, तसंच ती घोकतात : बे जबर ब, बे जेर बि, बे पेश बु.

आता ही नावं बघा. अरब या खुणांना फतहा, कसरा, दम्मा म्हणतात. जबर, जेर, पेश ही फारसी नावं. जबर म्हणजे वर, जेर म्हणजे खाली, पेश म्हणजे पुढे. वरचा हात तो जबरदस्त. खाली दाबला गेला तो जेरीस आला. आणि पुढे चालणारा तो पेशवा! पुण्यात बसून अरबीचे तिन्ही स्वर आपण अडीचशे-तीनशे वर्षं उच्चारतोय आणि म्हणतो, अरबी अवघड. (टाळ्या)

वर, खाली, पुढे हे आलं कुठून? परंपरा सांगते, सातव्या शतकात बसऱ्याला अबुल अस्वद अद्-दुअली नावाचे विद्वान होते. त्यांची मुलगी आकाशाकडे बघून म्हणाली, "आकाश किती सुंदर!" म्हणजे म्हणायचं होतं तेच, पण शेवटचे स्वर चुकले आणि अर्थ झाला, "आकाशात सर्वांत सुंदर काय?" वडील म्हणाले, "तारे." मुलगी म्हणाली, मी विचारत नव्हते हो, कौतुक करत होते. वडिलांची झोप उडाली. पुढे त्यांनी लेखनिक बसवला आणि सांगितलं, मी तोंड उघडलं की अक्षराच्या वर टिंब दे, खाली आणलं की खाली दे, ओठ जुळवले की पुढे दे. शाई वेगळ्या रंगाची. पण अक्षरांची स्वतःचीही टिंबं असतात, त्यात घोटाळा होऊ लागला. आठव्या शतकात अल-खलील इब्न अहमद यांनी टिंबांच्या जागी इवलीशी अक्षरं आणली. पेश म्हणजे छोटा वाव, जबर म्हणजे आडवा झालेला छोटा अलिफ. आणि अक्षराचं द्वित्त दाखवायला 'शीन'चं डोकं कापून वर ठेवलं. ती तशदीद, अरब शद्दा म्हणतात. व्यंजनावर स्वरच नसेल तर सुकून, म्हणजे विसावा.

हे खलील मूळचे ओमानचे आणि मीही सतरा वर्षं मस्कतला भांडारपाल होतो, एवढंच आमचं नातं. (हशा) तिथली एक गोष्ट. 'कल्ब' आणि 'क़ल्ब', कुत्रा आणि काळीज, ती नव्हे. ती सगळेच सांगतात. मी भाड्याचं घर बघायला गेलो होतो. मालक म्हातारे, पांढराशुभ्र दिशदाशा. देवनागरीत छापलेलं 'झटपट अरबी' वाचून गेलो होतो, ऐटीत विचारलं, "फिल बैत हमाम?" म्हणजे घरात न्हाणीघर आहे ना? म्हाताऱ्यानं क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि काठी टेकत मला थेट गच्चीवर नेलं. मे महिना, दुपारचे दोन. गच्चीवर एक मोडका पिंजरा. म्हणाले, आता राहिली नाहीत. साळुंक्या मात्र पुष्कळ येतात. मला वाटलं, यांच्याकडे अंघोळ गच्चीवरच करतात की काय! विचारलं, पाणी कुठून येतं? ते म्हणाले, वाडग्यात ठेवायचं. (प्रचंड हशा) शेवटी हसून त्यांनी दोन बोटांनी स्वतःचे ओठ दाबून धरले. हमाम म्हणजे कबुतरं. हम्माम म्हणजे न्हाणीघर. मध्ये फक्त ओठ मिटलेले ठेवायचा अवकाश.

त्या दिवसापासून मी तशदीदवाला झालो. आणि माझं म्हणणं असं, की मराठी माणसाला तशदीद शिकवायची गरजच नाही. हिंदीवाला हक म्हणतो, हद म्हणतो, ज़िद म्हणतो. आपण? हक्क, हद्द, जिद्द! मूळ अरबीतलं द्वित्त आपण राखलं. एवढंच नाही, जिथे नव्हतं तिथेही दिलं. अरबीत शब्द 'अक़्ल', मधल्या अक्षरावर सुकून. आपल्या जिभेला तो विसावा सोसत नाही, म्हणून अक्कल. तसंच नक्कल, कत्तल, अस्सल, 'इत्र'चं अत्तर. आणि शेवटचा पत्ता : या स्वरचिन्हांनाच अरबीत 'शक्ल' म्हणतात. तोच शब्द आपल्याकडे झाला शक्कल! (टाळ्या)

काय म्हणालात? हमाल? ... होय. मूळ 'हम्माल' आहे. ... दलाल, होय, तोही 'दल्लाल'. दलालीत थोडी कपात होणारच. (हशा) सराफही 'सर्राफ'. पुढे दीर्घ 'आ' आला की मराठी जीभ तोल तिकडे टाकते, असं माझं उत्तर आहे. ... अत्तार? जल्लाद? अहो, हे तर माझ्याच बाजूचे झाले. तुम्ही नेमके कुणाकडून बोलताय? (हशा) बरं, नियम पक्का नाही, पण कल आहे एवढं तरी पदरात घ्या.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे उच्चार, निम्मा विषय, राहिलाच. धावतं सांगतो. जबर म्हणजे आपला 'अ' नव्हे, त्याहून तोंड जरा उघडं. शेवटचा स्वर लिहिला असेल तर, थांबायचं नसेल तिथे, गिळायचा नाही. 'घर'मधला आपण गिळतो, ती सवय इथे नडते. 'ऐन' घशातून येतो. खलीलनी आपला शब्दकोश त्याच अक्षरापासून सुरू केला, कारण त्यांच्या मते तो सगळ्यांत खोलातून निघतो. आपली वर्णमालाही कंठापासूनच... नाही, अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, ते सोडतो.

जाण्यापूर्वी एकच, सगळ्यांनी मिळून. 'हम्'. ओठ मिटा. धरा, धरा, अजून. आता सोडा : 'माम'.

मागच्या दोन रांगांतून अजून कबुतरंच ऐकू येताहेत.