दोन वर्षांचा सॅल्मन आणि आपले चढणीचे मासे



कामगार संघटनेत हयात घालवलेल्या माणसाने माशांवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही आहे ते वाचनालयाच्या बाकावरचे. पण माशावर ज्यांचे पोट आहे तीही कष्टकरी माणसेच आहेत, आणि मासा केव्हा जन्मतो नि कसा वाढतो हे कळल्यावाचून त्यांच्या कमाईचा हिशेब मांडता येत नाही. म्हणून हा विषय आम्ही मागून घेतला.

प्रथम जरा दूरच्या पाण्यात जाऊ. पॅसिफिक महासागराच्या उत्तरेस, एका अंगाला रशिया आणि दुसऱ्या अंगाला अलास्का व कॅनडा, अशा टापूत गुलाबी सॅल्मन नावाचा मासा आहे. मांस गुलाबी म्हणून हे नाव. वजन साधारण दोन किलो. त्याचे आयुष्य मोजून दोन वर्षांचे. शरद ऋतूत मादी नदीच्या वाळूगोट्यांत शेपटीने खड्डा करते, त्यात हजार-दीड हजार अंडी घालते आणि वर पुन्हा गोटे लोटते. हिवाळाभर ती अंडी बर्फासारख्या पाण्याखाली राहतात. वसंतात पिले वर येतात आणि थेट समुद्राची वाट धरतात. तेथे दीडेक वर्ष खाऊनपिऊन पुष्ट झाली, की पुन्हा नदीत शिरतात. नदीत शिरल्यावर खाणे बंद. नराच्या पाठीला मोठे कुबड येते, जबडा आकड्यासारखा वळतो. अंडी घालून झाली, की काही दिवसांत नर आणि मादी दोन्ही मरतात. एकही परत समुद्रात जात नाही.

यातून एक विलक्षण गोष्ट घडते. आयुष्य नेमके दोन वर्षांचे असल्यामुळे सम सालात जन्मलेले मासे सम सालातच परततात, विषम सालातले विषम सालात. नदी एकच, पण तिच्यात दोन घराणी. त्यांची सोयरीक कधी होतच नाही. कॅनडातील फ्रेझर नदीत हा मासा विषम साली येतो. 1913 साली तेथे हेल्स गेट नावाच्या अरुंद घळीत रेल्वेमार्गासाठी डोंगर फोडताना दगडांचे ढिगारे नदीत पडले. प्रवाह इतका जोराचा झाला, की माशांना वर चढता येईना. ते वर्ष विषमच होते. घळीच्या वरचे गुलाबी सॅल्मनचे कूळ पुढे नाहीसे झाले. 1945-46 साली तेथे माशांसाठी जिने बांधले, तेव्हा कुठे ते वर परतू लागले. रूळ टाकणाऱ्या मजुराला काय ठाऊक, की आपल्या सुरुंगाने कोणाची वाट बुजली! ठाऊक असायला हवे होते ते वर बसून नकाशे काढणाऱ्यांना.

आता आपल्याकडे या. उत्तरेला वर्धा, दक्षिणेला पैनगंगा, मध्ये बेंबळा, अडाण, अरुणावती, पूस. उन्हाळ्यात यांतल्या कित्येक नद्यांचे पाणी डोहांपुरते उरते, आणि मासा त्या डोहांत दिवस काढतो. मृगाचा-आर्द्रेचा पाऊस झाला, गढूळ पाणी आले, की तो उलट्या धारेला लागतो. यालाच आपण चढणीचे मासे म्हणतो. रोहू, कटला, मृगळ या जाती साचल्या तळ्यात एरवी अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचे वाहते, पसरलेले पाणी लागते. सॅल्मनची मादी हजारात अंडी घालते, तर रोहूची मादी वजनाच्या दर किलोमागे दोन-तीन लाख. तिकडे अंडी फुटायला महिने लागतात, इकडे एक दिवसही पुरतो. आणि मुख्य फरक हा, की आपला मासा मरत नाही. त्याला जगू दिले, तर तो पुढल्या पावसाळ्यात पुन्हा चढतो.

पण नेमक्या याच दिवसांत ओढ्याच्या तोंडाशी जाळे आडवे लागते. गाबोळीने फुगलेली मादी सापडायला सोपी आणि बाजारात भावही चांगला. काही ठिकाणी तर पाण्यात विष नाहीतर सुरुंग. याला 1897 च्या मत्स्य कायद्याने बंदी घातली. सव्वाशे वर्षे उलटली तरी प्रकार संपलेला नाही.

यावर उत्तर म्हणून तयार बीजाकडे बोट दाखवले जाते. ते काही खोटे नाही. पूर्वी नदीतून पिले धरून मातीच्या मडक्यांत घालून रेल्वेने देशभर नेत असत. 10 जुलै 1957 रोजी ओरिसात अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मेंदूतील ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या माशाकडून अंडी घालवून घेतली. त्यातून मत्स्यबीजाचा सारा उद्योग उभा राहिला. पहिल्या अवस्थेतल्या पिलांना आपण जिरे म्हणतो, बोटाएवढी झाली की बोटुकली. शब्द किती नेमके! परंतु हे बीज विकत घ्यावे लागते, आणि ते दोन-चार जातींचेच असते. नदीतल्या बाकीच्या जातींसाठी कोण बोटुकली सोडणार? धरणाखाली अडलेल्या माशासाठीही जिना बांधा, असे म्हणणे सोपे आहे. पण तो जिना उड्या मारणाऱ्या सॅल्मनच्या मापाचा असून चालणार नाही, आपल्या माशाच्या चालीचा हवा.

पहिल्या पुराचे तीन-चार आठवडे ओढ्यांच्या तोंडाशी जाळे लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र भोई-ढिवरांच्या वस्तीत हे मत मांडले, की पहिला प्रश्न येतो, “तेवढे दिवस खायचे काय?” हा प्रश्न बरोबर आहे. जिनिंगमधला कामगार हंगाम संपल्यावर हाच प्रश्न विचारतो. म्हणून बंदीचा विचार करणाऱ्यांनी त्या आठवड्यांचा शिधा आणि तलावाच्या ठेक्यातली सूट यांची तरतूद त्याच कागदावर लिहावी. सहकारी संस्थांनीही उन्हाळ्यातल्या विक्रीतून किलोमागे थोडी रक्कम या दिवसांसाठी बाजूला टाकावी. संपाच्या निधीला आम्ही वर्गणी गोळा करतो, तशीच. आणि आपण जे बाजारात पिशवी घेऊन जाता, त्यांनी आषाढात गाबोळीचा मासा मागू नये. मागणारा नसला, तर पुरात उतरून जाळे लावायला फारसे कोणी जाणार नाही.