एकच धडा, तीन परीक्षा

मुलगी बारावी सायन्सला, बायोलॉजी घेतलेली. फेब्रुवारीत बोर्ड, पुढे एप्रिल-मेमध्ये सीईटी आणि नीट. टेबलावर पुस्तकांचे तीन गठ्ठे आणि पोर रडकुंडीला आलेली. आम्ही म्हणतो, आधी ते गठ्ठे एकत्र करा.

इलेक्ट्रोस्टॅटिक्स तिन्हीकडे आहेच. ते एकदाच, पण मुळापासून समजून घ्यायचं. मग बोर्डासाठी व्याख्या, सूत्राची सिद्धता, आकृती हाताने लिहून काढायची आणि लगेच त्याच धड्याचे पर्यायांचे प्रश्न घड्याळ लावून सोडवायचे. डिसेंबरपासून लिहिण्याला जास्त वेळ द्यावा. वर्षभर नुसते पर्याय निवडले तर बोर्डाच्या पेपरात हात चालत नाही.

सवयींची मात्र सरमिसळ नको. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. तिथे अंदाजपंचे ठोकलं की मिळवलेलंही जातं. आणि हो, अकरावीची पुस्तकं रद्दीत घालू नका! सीईटीत साधारण २० टक्के भाग अकरावीचा असतो, नीटला तर दोन्ही वर्षं लागतात.

आता आपल्याकडचं. मुलगा परीक्षेला बसला की ताट त्याच्यापुढे जातं; मुलगी पोळ्या लाटून, ओटा आवरून रात्री अकराला पुस्तक उघडते. त्या वेळी काय डोक्यात शिरणार? सकाळचे दोन तास तिचे, असं घरात सांगून टाका. पाहुणे आले तर चहा भाऊ ठेवेल. पाणी उकळायला सीईटी लागत नाही.