गृहअर्थशास्त्राचा तास आणि घरची डाळ

(दिघोरी येथील आरोग्य मेळाव्यात गृहअर्थशास्त्राच्या अध्यापिकेने केलेले भाषण)



आपल्या रुग्णालयाने एका शिक्षिकेला या व्यासपीठावर बोलाविले, याबद्दल मी ऋणी आहे. औषधांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही; अन्नाविषयी मात्र मी मुलींशी अनेक वर्षे बोलत आले आहे.

आमच्या अभ्यासक्रमात समतोल आहाराचे कोष्टक असते. मुली ते सुवाच्य अक्षरात उतरवितात आणि परीक्षेत गुणही मिळवितात. एके वर्षी मी पुस्तक मिटून विचारले, “काल रात्री घरी काय शिजले होते?” बहुतेकींचे उत्तर एकच होते : भात आणि लाखोळीचे वरण. कोष्टकात लाखोळी नव्हतीच. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “मॅडम, लाखोळी खायची की नाही? आजी म्हणते खा, बाकीचे म्हणतात पाय जातात.” त्या दिवशी माझ्यापाशी धड उत्तर नव्हते.

भंडारा हा धानाचा जिल्हा. कापणीपूर्वी उभ्या धानात लाखोळी फेकली की बांधीतील ओलीवरच ती वाढते. नांगरट नाही, पाणी नाही. शंभर ग्रॅम डाळीत सुमारे २८ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे तुरीपेक्षाही अधिक. परंतु तिच्यात मज्जासंस्थेला अपाय करणारे एक द्रव्यही असते. दुष्काळात दुसरे काही न मिळाल्याने जे लोक महिनोन्महिने मुख्यतः तिच्यावरच जगले, त्यांच्यापैकी अनेकांचे पाय कायमचे लुळे पडले. म्हणूनच १९६१ साली महाराष्ट्रात तिच्या विक्रीवर बंदी आली. त्या बंदीवर पुढे वर्षानुवर्षे वाद झाले, आणि बांधीत लाखोळी उगवतच राहिली. दरम्यान रतन, प्रतीक यांसारखे कमी विषद्रव्याचे वाणही निघाले.

तेव्हा ‘खाऊ नका’ एवढे फळ्यावर लिहून भागत नाही. ज्या घरात दुसरी डाळ विकत घेण्याची ऐपत नाही, तेथील मुलीला ते वाक्य केवळ अपराधी करते. आता आम्ही वर्गात डाळ गरम पाण्यात काही तास भिजवितो, ते पाणी फेकून देतो आणि मगच ती शिजवितो. विषद्रव्याचा बराचसा भाग पाण्याबरोबर जातो. पूर्ण जात नाही, हेही मुलींना सांगावे लागते. म्हणून रोज तीच डाळ नको, आणि बांधावरची तूर विकून टाकण्याआधी घरापुरती ठेवावी, असे आम्ही सांगतो. (हे शेवटचे वाक्य मुलींपेक्षा त्यांच्या वडिलांसाठी आहे.)

दुसरा गृहपाठ अधिक अवघड निघाला. घरातील प्रत्येकाने काय खाल्ले ते आठवडाभर लिहावयाचे होते. एका वहीत आईच्या रकान्यात सातही दिवस दोनच शब्द होते : ‘उरलं ते’. त्या वहीला किती गुण द्यावेत, हे मला ठरविता आले नाही.

अशा घरांतील मुली फिकट दिसतात आणि आम्ही शिक्षिका लगेच पालेभाजी, गूळ, जेवणात लिंबू असे सुचवितो. ते योग्यच आहे. पण विदर्भात सिकलसेलही आहे. तो जन्मजात आजार आहे. तो भाजीने बरा होत नाही, आणि त्यात लोहाच्या गोळ्या तपासणीवाचून देणे हितावह नाही. केवळ चेहरा पाहून हा भेद शिक्षिकेला कळत नाही; त्याला रक्ताची तपासणीच हवी.

म्हणून विश्वस्तांना माझी एक विनंती आहे. वर्षारंभी, आहाराचा धडा सुरू होण्यापूर्वी, आपल्या प्रयोगशाळेतील एका तंत्रज्ञाने एक दिवस आमच्या वर्गासाठी द्यावा. हिमोग्लोबिन आणि सिकलसेल या दोन्ही तपासण्या व्हाव्यात, आणि अहवाल बंद पाकिटात पालकांच्या हाती द्यावा, कारण लग्नाच्या वयाच्या मुलीच्या आजाराची गावात चर्चा होणे तिला परवडत नाही. वर्गाची खोली आणि मुलींची यादी मी तयार ठेवते.