साधेपणाचा हिशेब



माझा जन्म पगारवाढ मागण्यात गेला. असा माणूस साध्या राहणीवर काय बोलणार, अशी शंका आपल्याला आली असेल. ती रास्त आहे. एकदा वाटाघाटीच्या वेळी एका मॅनेजरने आम्हाला गरजा कमी करण्याचा सल्ला दिला होता. तेव्हापासून साधेपणा हा शब्दच मला मालकपक्षाचा वाटे.

तो राग थोरोने घालवला. माझी शाळा नववीत सुटली. दुर्गाबाई भागवतांनी मराठीत आणलेले 'वॉल्डन' मी युनियनच्या कचेरीत, सभासद जमेपर्यंत थोडे थोडे वाचले. ४ जुलै १८४५ रोजी हा गृहस्थ अमेरिकेतल्या काँकर्ड गावाजवळ, तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहायला गेला आणि तेथे दोन वर्षे दोन महिने राहिला. झोपडीला २८ डॉलर साडेबारा सेंट लागले. हा सारा हिशेब त्याने १८५४ साली पुस्तकात छापला.

पण त्याची हिशेबाची रीत निराळी. वस्तूसाठी आयुष्य किती खर्ची पडले, ती तिची खरी किंमत. तीस मैलांवरच्या फिचबर्गचे आगगाडीचे भाडे नव्वद सेंट, म्हणजे जवळजवळ दिवसाची मजुरी. तुम्ही भाडे कमवाल तोवर मी चालत पोहोचेन, असा त्याचा दावा.

आमच्या एका सभासदाने तीन वर्षांच्या हप्त्यांवर मोटारसायकल घेतली. हप्ता चार हजारांचा, ओव्हरटाइम तासाला दोनशेचा. मी कागदावर मांडून दाखवले: महिन्याला वीस तास, एकूण ७२० तास. आठ तासांचे नव्वद दिवस गाडीने खाल्ले. तो गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, आता खोलीभाड्याचेही मांडा." पगार २०,८००, भाडे ७,२००. सव्वीस दिवसांतले नऊ दिवस घरमालकाचे! गाडी त्याने निवडली होती. भाडे कोणी निवडले?

येथे थोरो अपुरा पडतो. त्याची जमीन इमर्सन या मित्राची होती, पाठीमागे बायकामुले नव्हती. झोपडीच्या फळ्यांसाठी त्याने एका आयरिश रेल्वे मजुराचे खोपट सव्वाचार डॉलरना घेतले. दुसऱ्या दिवशी ते कुटुंब एका गाठोड्यात संसार बांधून वाटेला लागले. राहणी त्यांचीही साधीच होती, पण ती त्यांच्यावर लादलेली होती. तिला साधेपणा म्हणू नये, ते दारिद्र्य.

तरीही थोरोची फूटपट्टी मी टाकणार नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळाली. ती मागणी पैशांची नव्हती, आयुष्याच्या एका दिवसाची होती. तो दिवस आपणच हप्त्यांपायी ओव्हरटाइमला विकू लागलो, तर मिळवलेले हातचे जाते.

म्हणून मी सभासदांना दोन कामे सांगतो. ज्या गरजा आपण निवडल्या, त्या तासांत मोजा आणि नको त्या सोडा. ज्या लादल्या गेल्या, त्यांच्यासाठी संघटनेत या. पहिले काम घरात एकट्याने होते, दुसरे एकट्याने होत नाही.