टकळी, चऱ्हाट आणि गुऱ्हाळ
(धरणगाव येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



'बडबड करू नका' ही आज्ञा आपल्या वर्गांतून दिवसात कितीदा तरी उच्चारली जाते. या बडबडीविषयीच आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

अति बोलण्यास मराठीने किती नावे दिली आहेत पाहा. जो थांबतच नाही, त्याच्या तोंडाची 'टकळी' चालते. टकळीने सूत काढताना ती फिरते तोवर धागा निघतच राहतो. आपल्या कापसाच्या मुलखात हे निराळे सांगावयास नको. कंटाळवाणे बोलणे लांबत गेले की त्याचे 'चऱ्हाट' होते. चर्चा सरता सरली नाही, तर तिचे 'गुऱ्हाळ' होते. रस आटून गूळ होईपर्यंत काहिलीपाशी तिष्ठत राहावेच लागते. समोरच्यावर शब्दांनी तुटून पडणाऱ्याच्या तोंडाचा 'पट्टा' सुटतो. हा पट्टा म्हणजे दांडपट्टा. तो जवळ कोणास येऊ देत नाही. इंग्रजीतही लांबलचक गोष्ट सांगण्यास 'सूत कातणे' अशा अर्थाचा वाक्प्रचार आहे, आणि तिकडचा बोलघेवडा तर बोलून बोलून गाढवाचा मागला पाय गळून पाडतो!

यांतील कोणतेही दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत. टकळीत वेग आहे, चऱ्हाटात लांबी, गुऱ्हाळात दिरंगाई, तर पट्ट्यात धार आहे. हे शब्द कष्टकऱ्यांच्या हत्यारांतून व उद्योगांतून आले आहेत. म्हणून वाक्प्रचारांचा पाठ घेताना केवळ अर्थ लिहून देऊ नये. मुलांनी घरच्या वडीलधाऱ्या माणसांकडून असे शब्द गोळा करून आणावेत, त्यांमागील वस्तू ओळखावी आणि स्वतःचे वाक्य रचावे. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाने अहिराणी शब्द आणला, तर त्यासही फळ्यावर मराठीच्या शेजारी मानाचे स्थान द्यावे.

आता थोडे आपल्याविषयी. तासातील बहुतेक वेळ कोण बोलते? बहुधा आपणच. मुलाचे अडखळते बोलणे आपण बडबड ठरवितो आणि आपले चऱ्हाट मात्र अध्यापन! वस्तुतः बोलल्यावाचून भाषा येत नाही. शाळेची प्रमाण भाषा ज्याच्या घरी बोलली जात नाही, त्या मुलास तर ती बोलण्याची संधी वर्गाखेरीज क्वचितच मिळते. तेथेही त्यास गप्प बसविले, तर तो उत्तर ठाऊक असूनही मुका राहतो.

याच धरणगावी १८९० साली त्र्यंबक बापूजी ठोमरे जन्मले. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात या कोवळ्या मुलास वडीलधाऱ्यांनी कविता म्हणू दिली, ती मन लावून ऐकली आणि त्यास 'बालकवी' ही पदवी दिली. प्रत्येक मूल कवी होणार नाही. परंतु ऐकून घेतले जाण्याचा अधिकार प्रत्येकास आहे.

यास्तव एक सूचना करतो. रोजच्या एका तासात दहा मिनिटे आपण प्रश्न विचारून थांबावे. उत्तर येईपर्यंत धीर धरावा, आणि चुकीचे वाक्यही पुरते होऊ द्यावे. दुरुस्ती मागाहून करता येते. मिटलेले तोंड पुन्हा उघडणे मात्र फार कठीण असते.